माणसे काम करीत आहेत

घरातला एक बल्ब बदलायचा तर माणूस काय करतो? स्टूल घेतो, वर चढतो आणि बदलतो. आमचे घरमालक तसं करत नसत. ते आधी साऱ्या घराला ओरडून सांगत, "शटडाऊन घेतोय हो!" मग मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडत, फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि स्विचवर एक लाल पत्र्याचा बोर्ड अडकवत. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'सावधान. माणसे काम करीत आहेत.' एवढं झालं की टेस्टर घेऊन शेजाऱ्यांकडे जात. तिथल्या चालू प्लगमध्ये तो पेटतो की नाही ते आधी बघत आणि मगच आपल्या होल्डरला लावत. तोवर काकू अंधाऱ्या स्वयंपाकघरात, भातात पाणी किती घातलं ते बोटाने चाचपत असत.

"अहो, माणसं कुठली? एकटं तर हाय स्टुलावर," त्या आतून म्हणत.

"बोर्ड म्हणजे बोर्ड," काका वरून सांगत.

गल्लीत त्यांना सगळे 'शटडाऊन' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर काका.

मी रत्नागिरीला आले ती कोर्टात लघुलेखक म्हणून. माणसं बोलतात ते जसंच्या तसं उतरवायचं हा माझा धंदा आहे, त्यामुळे काकांची वाक्यं मी इथे देते आहे ती माझ्या पदरची नाहीत. मी मूळची बार्शीची. शहरालगतच्या नाचणे भागात चढावर काकांचं चिऱ्याचं घर होतं, मागे आंब्याची दोन कलमं, वरती दोन खोल्या रिकाम्या. भाडेकरू म्हणून मला पारखायला काका बसले तेव्हा मी वाट बघत होते की आता जात विचारतील, येणारे-जाणारे विचारतील, गेलाबाजार लग्नाचं तरी विचारतील. त्यांनी विचारलं, "इस्त्री आणणार आहेस? किती वॅटची?" मी सांगितल्यावर ते काही वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वरच्या लोडला चालेल. ये."

त्यांचा जन्म मंडणगडकडचा, पण जन्म गेला पोफळीला. वीजघरात ते पाळीवर ऑपरेटर होते आणि कॉलनीत राहत. घाट चढून गेलं की कराड, तिथल्या काकू. लग्न होऊन त्या खाली कोकणात आल्या त्या आपली बोली आणि आपली चपाती घेऊन. दोन्ही त्यांनी आजवर सोडल्या नाहीत, असं मी इथे लिहिणार होते. पण ते तितकंसं खरं नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वीजघर त्यांच्यातून काही निवृत्त झालं नव्हतं. साधं बाजारात जायचं तरी ते उंबऱ्यात थांबून काकूंना म्हणत, "चार्ज दिला." पाळी बदलताना जाणारा माणूस असं म्हणतो आणि येणाऱ्याने "चार्ज घेतला" असं तोंडाने म्हणायचं असतं. तसं म्हटल्याशिवाय जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, असा तिथला नियम. काका उंबऱ्यात उभे राहत. काकू कांदा चिरता चिरता म्हणत, "जावा आता."

"घेतला म्हण."

"जावा म्हणते न्हवं का."

मग काका जात. काकांच्या तोंडावर काकूंनी एकदाही "घेतला" म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण काका न चुकता देत राहिले.

परमिटचं त्यांचं शास्त्र तर मला तोंडपाठ झालं होतं. लाईनवर काम करायला माणूस चढतो, त्याच्या नावावर परमिट असतं, म्हणजे लाईन बंद ठेवल्याची लेखी हमी. काम संपलं की परमिट त्यानेच परत करायचं, आणि ज्याने दिलं त्याने, नाहीतर त्याच्याकडून चार्ज घेतलेल्या माणसाने ते परत घ्यायचं. "तोवर ब्रेकरला ब्रह्मदेवाने हात लावायचा नाय," काका म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज इतका गंभीर होई की हसायचं धाडस कोणी करत नसे. त्यांचा एकच अभिमान होता आणि तो ते कुठेही, अगदी दुसऱ्याच्या बारशातसुद्धा, सांगत. "माझ्या पाळीत कोणाला साधा चटका बसला नाय."

आता माझ्या दुखण्याकडे येते. ते जुनंच होतं. पोट कधी फुगायचं, कधी सुटायचं. वजन वाढत नव्हतं, रक्त तर कितीही गोळ्या घेतल्या तरी वर चढायचं नाव घेत नव्हतं. बार्शीच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हटलं, पुढच्याने टेन्शन म्हटलं, आणि आईच्या मते लग्न झालं की सगळं ठीक होणार होतं. कोर्टात दुपारच्या साक्षी उतरवताना माझी मान कलायला लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. चुकीचं एक वाक्य लिहिलं गेलं तर कोणाचं तरी आयुष्य इकडचं तिकडे व्हायचं. रत्नागिरीच्या एका डॉक्टरीणबाईंनी वेगळीच रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बीण झाली, आणि नाव मिळालं. सिलिॲक. गहू चालत नाही. चपाती नाही, रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत, बिस्किटं नाहीत. काही दिवस नाही, तर कधीच नाही. बाई म्हणाल्या, "एक कणही पोटात जाता कामा नये."

मी ज्वारीच्या मुलखातली, पण आमच्या घरी भाकरी म्हाताऱ्यांसाठी आणि चपाती शाळेत जाणाऱ्यांसाठी असायची. चपाती म्हणजे आमच्या आईने मिळवलेली बढती होती. मी जेवायला खाली काकूंकडेच असे. त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी रडले. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. काका दारात उभे होते. त्यांनी धीर दिला नाही की 'होईल सगळं ठीक' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "कण म्हणजे केवढा?"

मी म्हटलं, "दिसणार नाही एवढा."

"म्हणजे विजेसारखंच की गो," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून आले तर स्वयंपाकघराचं रणांगण झालं होतं. सगळे डबे ओट्यावर, काका हातात बॅटरी आणि भिंग घेऊन, आणि काकू कमरेवर हात ठेवून. माझ्यासाठी वेगळं फडताळ, वेगळा तवा, वेगळी परात. "जुन्या परातीच्या कडेला कणीक बसते. घासली तरी बसते," काका. काकूंची चपाती मागच्या पडवीत गेली. तिथे एक शेगडी मांडली, आणि वीजघरात वेगळ्या लाईनीला म्हणतात तसं तिचं नाव पडलं 'दुसरा फीडर'. मग हिंग सापडला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, हे काकूंनी इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं. मीही नाही. माझी खात्री आहे की ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकीही निम्म्यांनी वाचलेलं नसेल.

"अहो, ह्यो माझ्या म्हायेरचा हिंग हाय."

"माहेरची असली म्हणून तार मेलेली असते काय? गृहीत धरलेली तार नेहमी जिवंत असते."

हिंग गेला. आमटीला लसूण आला. गिरणीत माझे तांदूळ गव्हानंतर दळले जातात हे कळल्यावर काका गिरणीवाल्याशी असे भांडले की तो म्हणाला, "काका, तुमच्या पाया पडतो, पण दळण दुसरीकडे न्या." तेव्हा घरात घरघंटी आली.

आणि हॉटेलात, दुकानात विचारायची त्यांची रीत! माझ्यासारखी भोळी बाई सरळ विचारते, 'यात गहू आहे का?' आणि समोरचा मान हलवून 'नाही' म्हणतो. काका आधी दुसराच प्रश्न टाकत. "काय रे, रवा कशाचा असतो?" एकदा एका हॉटेलातल्या वेटरने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "काका, रवा रव्याचाच असतो." काका शांतपणे उठले, मलाही उठवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "टेस्टर आधी चालू ठिकाणी लावून बघायचा. मेलेल्या टेस्टरला सगळ्याच तारा मेलेल्या दिसतात." ज्याला रव्यातला गहू माहीत नाही, त्याच्या 'नाही'ला किंमत शून्य. मी आजही अनोळखी ठिकाणी हाच प्रश्न आधी विचारते.

इतकं करूनही मला बरं वाटेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी जातंय अजून. काका चार दिवस घरात आतबाहेर करत होते. चहाची पावडर बघितली, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं बघितली, माझी टूथपेस्टसुद्धा भिंगाखाली घातली. आणि एके दुपारी मला पुन्हा त्रास झाला म्हणून काकूंनी नेहमीसारखा मऊ भात, वर तूप आणि मेतकूट, असं ताट पुढे ठेवलं. आजारी माणसाचं कोकणातलं हे हुकमी जेवण. त्या ते कोकणात येऊन शिकल्या होत्या आणि सासूच्या हाताबरहुकूम करत. मी घास उचलणार तोच काका म्हणाले, "थांब. मेतकुटात काय काय घालतेस?"

काकू मोजायला लागल्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मोहरी, मेथ्या, सुंठ, आणि... त्या थांबल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. "आन् मूठभर गहू."

काखेत कळसा म्हणतात तो असा. पोट बिघडलं की मी मेतकूट-भात खात होते आणि मेतकूट-भात खाल्ला की पोट बिघडत होतं. मला हसू आलं, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी तुला बरी व्हावीस म्हणून देत हुते गं." काकांनी बरणी उचलली. एरवी त्यांनी कोणाची चूक सापडली की तिचं कीर्तन केलं असतं. पण तेव्हा ते बायकोला इतकंच म्हणाले, "तार तू टाकलीस नाय. वारशाने आली." मग स्वतःच भाताचं ताट सिंकमध्ये रिकामं करून, हात धुऊन, मला पेज करायला बसले. ती पेज मीठ जास्त पडल्यामुळे मला खाववली नाही, पण तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आवडला.

हळूहळू मी सावरले. कोकणात गव्हावाचून काही अडत नाही हे मला कळायला लागलं. घावनं, आंबोळ्या, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं. काका आंबोळ्या स्वतः घालत आणि त्या तव्याला चिकटल्या की तव्याला शिव्या देत. मी हौसेने एकदा गव्हाविना केलेला पाव मागवला होता. काकांनी त्याचा तुकडा मोडून बघितला आणि म्हणाले, "हा थर्माकोलच्या पॅकिंगमधनं चुकून निघालेला दिसतो." काकूंनी तर लहानपणीचा भाकरीचा हात परत उकरून काढला. ज्वारीची भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "आजीनं भाकरी शिकवली आन् कराडात ऱ्हाऊन मी चपातीची बाई झाले." बार्शीची मी आणि कराडच्या त्या, दोघी कोकणातल्या ओट्याशी उभ्या राहून आमच्या आज्यांचं जेवण परत शिकत होतो.

पण एक गोष्ट परत येत नव्हती, ती म्हणजे पंगत. पथ्य पोटाचं असतं, त्याची शिक्षा सगळ्या माणसाला होते. कोर्टात कोणाचा वाढदिवस असला की केक यायचा आणि मी फायलीत डोकं घालायचे. "एवढ्याशाने काय होतंय?" हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं की पुढे पुढे मी कार्यांना जाणंच सोडलं. आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक झालं होतं. घरीही पाहुणे आले की मी ताट घेऊन वर खोलीत जायचे. काकांना ते दिसत होतं. "एवढ्याशाने काय होतंय म्हणणारे सगळे हार घातलेल्या फोटोत असतात," असं ते गुरगुरत. आणि श्रावण सरता सरता त्यांनी जाहीर केलं, "ह्या गणपतीला तू पंगतीत बसायचंस. पहिल्या पंगतीत. सगळं मी बघतो."

गणपती त्यांनी मंडणगडकडच्या मूळ घरून रत्नागिरीला आणला होता. त्यावरून त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्यावर कायमची रुसलेली होती. पण मोदक करायला ती दरवर्षी यायची, कारण तिच्यासारखे मोदक दुसऱ्या कोणाला येतात हे तिला मान्य नव्हतं. काकांनी त्या दिवशी एकेक जिन्नस तपासला. अळूत हिंग नाही, वाटाण्याची उसळ स्वतःच्या देखरेखीखाली, लोणचं-पापड बाद. शेवटी आक्काच्या पाटापाशी जाऊन म्हणाले, "आक्का, पीठ तांदळाचंच ना गो?"

"मग काय गव्हाचे करतात उकडीचे? वेडा झालास काय?"

मी पंगतीत बसले. केळीच्या पानावर वरणभात, उसळ, अळू, आणि वर तुपाची धार धरलेला मोदक. माझ्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला शेजारच्या वहिनी. कोणी मला काही विचारलं नाही, कोणी कीव केली नाही, कोणीतरी उलट "हिला अजून एक वाढा, हाडं दिसतायत" म्हणालं. मोदकाची पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं, आणि एकाही पाकळीला चीर नाही. मी तीन खाल्ले. समोर उभे राहून वाढणाऱ्या काकांचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आडवी. उलट्या, पोटात पिळे, अंगात त्राण नाही. पूर्वी होतं त्याच्या दुप्पट. इतक्या महिन्यांचं धुतलेलं पोट ते, त्याला आता सवयही उरली नव्हती.

खाली काकांनी चौकशी मांडली, ती मला जिन्यावरून ऐकू येत होती. सगळं तपासून झालं आणि शेवटी आक्काची पाळी आली. ती आवाज बारीक करून, थोड्या अभिमानानेच म्हणाली, "उकडीत मूठभर मैदा घालते मी. पारीला चीर जात नाय. माझ्या सासूने मला सांगितलेलं, कोणाला बोलायचं नाय म्हणून. तू भाऊ म्हणून तुला सांगितलं."

"मी विचारलं होतं तुला!"

"तू विचारलंस तांदूळ आहे काय. होताच की तांदूळ. मैदा आहे काय ते कुठे विचारलंस?"

अशी उत्तरं मी कोर्टात रोज लिहून घेते. त्यात खोटं काही नसतं, म्हणूनच त्यावर पुढे बोलता येत नाही.

बऱ्याच वेळाने काका वर आले. खोलीच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. एवढा तरतरीत माणूस, पण पायऱ्या चढूनच दमल्यासारखा दिसत होता. म्हणाले, "सगळ्यांना टेस्टर लावला. बहिणीला लावायचा राहिला." मग खाली बघत म्हणाले, "माझ्या पाळीत झालं."

मी म्हटलं, "काका, मोदक फार छान होते." खरंच होते. पण त्यांनी ते ऐकलं नाही. तो अभिमान, जो ते बारशातही सांगायचे, त्यानंतर मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधीही ऐकला नाही.

मी अंथरुणातून उठले तेव्हा काका स्वयंपाकघरात काकूंच्या समोर पाटावर बसले होते. हुकूम सोडायची सवय असलेला माणूस, पण स्वयंपाकघर काकूंचं होतं आणि हे त्यांना नीट माहीत होतं. त्यांनी विचारलं, "एका घरात दोन फीडर नाय चालत. गव्हाचा पुरता शटडाऊन देतेस काय?"

चपाती म्हणजे काकूंचं माहेर होतं. त्यांची पुरणपोळी खायला पोफळीच्या कॉलनीतले लोक सण नसताना येत, असं काकाच सांगायचे. मग त्या उठल्या, पडवीतला कणकेचा डबा आणला, रव्याचा आणला, शेवयांचा आणला आणि सगळे शेजारच्या वहिनींना देऊन आल्या. परत येऊन म्हणाल्या, "लग्नात ह्ये सांगितलं आसतं तर मी कराडलाच ऱ्हायले आसते."

त्याच दिवशी लाल बोर्ड मीटरवरून निघाला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर एका खिळ्याला लागला. खाली काकांनी नव्याने रंगवलं, 'परमिट' आणि पुढे माझं नाव. मीटरसाठी त्यांनी दुसरा बोर्ड केला. तो कधीच पहिल्याइतका सुबक जमला नाही.

त्यानंतर त्या घरात गहू शिरला नाही. काकांना चहात बुडवून टोस्ट खायची जुनी सवय. ते टोस्ट घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहत, तिथे खात, बागेतल्या नळावर चूळ भरत, हात धूत, सदरा झटकत आणि मग आत येत. येणारे-जाणारे बघत. काकू वर्षातून दोनदा भावाकडे कराडला जात आणि त्याला 'चपातीची सुट्टी' म्हणत. आणि मी खाली, त्यांच्या ओट्याशी, त्यांच्या पंगतीत, कोणत्याही ताटातलं काहीही न विचारता खात असे. हे सुख काय असतं ते ज्याला प्रत्येक घासाआधी विचारावं लागतं त्यालाच कळेल. माझं रक्त वर चढलं, वजन वाढलं, कोर्टात मान कलायची थांबली. आक्कासुद्धा पुढल्या वर्षी आली तेव्हा उकड मळताना मला समोर बसवून घेतलं. "बघ गो, काय घालते ते बघ, नायतर तो परत मला साक्षीला उभी करील." तिच्या त्या वर्षीच्या मोदकांना चिरा गेल्या. तिने एकेक चीर सगळ्यांना दाखवली.

मी एकदा काकांना विचारलं होतं, "काका, मी तुमची कोण? भाडेकरू. माझ्यासाठी एवढं कशाला?"

ते कलमाखाली पालापाचोळा गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "खांबावर चढलेला माणूस कोणाचा कोण, ते ऑपरेटर विचारत नाय."

गेल्या थंडीत एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली. मी आणि भाऊ त्यांना धरून नेत होतो, तर ते उंबऱ्यात थांबले. घामाने सदरा भिजलेला, पण थांबले. काकू पिशवीत टॉवेल, चष्मा, औषधं कोंबत होत्या.

"चार्ज दिला," काका म्हणाले.

"जावा आता," काकू म्हणाल्या. "मी रिक्षानं मागनं येतेच."

काकू पोचल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं.

दिवसवार झाले. तेराव्याचं जेवण बाहेर मांडव घालून झालं, घरात कोणी काही केलं नाही. पाहुणे पांगले आणि काकूंचा भाऊ तेवढा राहिला. बहिणीला कराडला घेऊन जायचं म्हणून तो थांबला होता, आणि ती येणार नाही म्हटल्यावर निदान काहीतरी करावं म्हणून त्याने गाडीतून एक पिशवी आणून पडवीत ठेवली. घरच्या गव्हाचं पीठ होतं. "ताई, आता तर चार घास चपातीचं खा," तो म्हणाला. "किती वर्सं मन मारलंस."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. त्याचं म्हणणं मला पटलं. ज्या माणसाने हे सगळं मांडलं तो गेला होता. काकू सत्तरीच्या पुढे, त्यांच्या तोंडचा घास मी किती दिवस अडवायचा? माझ्या दोन खोल्यांत मी वेगळी चूल करू शकत होते, नाहीतर दुसरीकडे जागा बघू शकत होते. मी पुढे झाले, चौकटीवरचा बोर्ड खिळ्यातून काढला आणि काकूंच्या पुढे धरला. काकांच्या भाषेत सांगितलं तर त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं.

"काकू, परमिट परत करते."

काकूंनी बोर्ड हातात घेतला. तो त्यांनी पूर्वी कधी हातात घेतलेला मला आठवत नाही. पदराने त्यावरची तेलकट धूळ पुसली, माझ्या नावावरून पदर फिरवला, परत एकदा फिरवला.

"काम संपलं व्हय तुझं?" त्यांनी विचारलं.

"माझं कसं संपणार, काकू? जन्माचं आहे ते."

"मग? माणूस खांबावर आसताना परमिट कोण परत घेतं?"

त्या उठल्या, टाचा उंचावून बोर्ड पुन्हा खिळ्याला अडकवला आणि सरळ लागलाय का ते मागे सरून बघितलं. मग उंबऱ्याकडे वळल्या. काका जिथे उभे राहायचे त्या जागेकडे बघत, कुणी समोर असावं तसं, पण अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"चार्ज घेतला."

आणि मग भावाला म्हणाल्या, "ती पिशवी गाडीत ठिवून ये. आन् येताना बागेतल्या नळावर हात धू."